‘आवडलं का?’ हा पहिला प्रश्न नको: वर्गात चित्र दाखवताना या चुका टाळा

फळ्यावर चित्र लागतं. “कसं आहे चित्र?” असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “छाऽऽन!” आणि पुढे काय बोलायचं ते मुलांनाही सुचत नाही, शिक्षकांनाही नाही. कलास्वादाचे कितीतरी तास इथेच आटोपतात. मग ‘मुलांना चित्रातलं कळत नाही’, ‘अजून त्यांचं वय नाही’ असे निष्कर्ष निघतात. दोन्ही चुकीचे आहेत. मुलांनी चित्र नीट बघायच्या आतच आपण त्यांच्याकडे मत मागितलेलं असतं, नाहीतर उत्तर आयतं त्यांच्या हातात ठेवलेलं असतं. पुढच्या बहुतेक चुका या एका घाईतून होतात.

बघण्याआधीच मत मागणं

‘आवडलं का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. त्यात बाईंनी स्वतः निवडून आणलेल्या चित्राला ‘नाही’ म्हणण्याचं धाडस फार थोडी मुलं करतात.

त्याऐवजी फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउसन या कलाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या पद्धतीतले तीन प्रश्न वापरून बघा. या चित्रात काय चाललंय? तू म्हणतोस ते चित्रात कशावरून दिसतं? आणखी काय सापडतंय? प्रश्न साधे वाटतात, पण त्यांची शब्दरचना विचारपूर्वक केलेली आहे. ‘काय दिसतंय?’ विचारलं तर मुलं यादी देतात: झाड, घर, माणूस. ‘काय चाललंय?’ विचारलं की कोण कुठे निघालाय, कोण कोणाकडे बघतोय, आधी काय घडलं असेल, याकडे त्यांचं लक्ष जातं.

तिन्हींत मला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. “हा माणूस दुःखी आहे,” असं मुलगी म्हणते. कशावरून? “त्याचे खांदे पडलेत. आणि भोवती सगळा काळोख आहे.” चित्रकाराने शरीराची ठेवण आणि रंग विचार करून निवडलेत, हे तिने कोणी न शिकवता ओळखलं. आवाजाकडे मात्र लक्ष ठेवा. ‘कशावरून?’ हा शब्द उलटतपासणीसारखा आला तर मूल लगेच माघार घेतं. “मलाही दाखव ना, कुठे दिसलं तुला?” असं विचारलं की तेच मूल उठून चित्राजवळ येतं.

आवडनिवड विचारूच नये असं नाही. कलाशिक्षणाचे अभ्यासक एडमंड फेल्डमन यांनी चित्राकडे जाण्याचे चार टप्पे मांडले: वर्णन, रचनेचं विश्लेषण, अर्थ आणि मूल्यमापन. मत त्यात सर्वांत शेवटी येतं. तोवर मुलांकडे मताला आधार देणारं बरंच काही जमलेलं असतं.

शांतता सहन न होणं

प्रश्न विचारल्यावर आपण थांबतच नाही. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. हीच वाट तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. चित्राच्या बाबतीत तर याहून जास्त थांबावं लागतं, कारण मुलांना आधी बघायचं असतं आणि मग शब्द शोधायचे असतात. मोठ्यांनाही सावकाश बघायची सवय नसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. प्रेक्षक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद थांबतात, असं तीत दिसलं.

म्हणून सुरुवातीला पूर्ण एक मिनिट नुसतं बघू द्या. होकुसाई या जपानी चित्रकाराची मोठी लाट (१८३१च्या सुमाराची) यासाठी उत्तम. आधी लाटच नजर धरून ठेवते. मग तिच्या खालच्या होड्या दिसतात, मग होड्यांना घट्ट धरून वाकलेली माणसं. दूरवरचा फुजी पर्वत इतका लहान आणि लाटांशी मिळताजुळता आहे की तो सहज आणखी एक लाट म्हणून निसटून जातो. “अरे, तो डोंगर आहे!” असं एकाने म्हटलं की सगळा वर्ग पुढे झुकतो. हा शोध मुलांचा असतो. आपण आधीच बोट दाखवलं तर तो आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

मिनिट संपूनही कोणी बोललं नाही, तर प्रश्न बदला. “डोळे मिटा आणि काय काय आठवतंय ते सांगा,” मग डोळे उघडून पडताळा. किंवा “या चित्रात शिरायचं झालं तर कुठे उभे राहाल?” लाजरं मूलही याला उत्तर देतं, निदान बोट तरी दाखवतं.

माहितीची घाई

‘इकॅरसचं पतन’ म्हणून ओळखलं जाणारं, ब्रॉयगल या चित्रकाराच्या नावावर असलेलं एक निसर्गचित्र आहे. इकॅरस हा ग्रीक पुराणकथेतला मुलगा: मेणाने जोडलेले पंख लावून तो उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं आणि तो समुद्रात पडला. नांगरणारा शेतकरी, मेंढपाळ, मोठं गलबत, पसरलेला समुद्र. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, पाण्याबाहेर आलेले दोन इवलेसे पाय. शीर्षक आधी सांगितलं तर मुलं फक्त इकॅरसला शोधतात आणि सापडला की बघणं थांबवतात. न सांगता दाखवलं तर कोणीतरी ते पाय पाहतं, कोण बुडतंय असं विचारतं, आणि मग दुसरं कोणी म्हणतं, “पण कोणाचंच लक्ष नाहीये!” चित्राचा गाभाच त्यांनी गाठला. आता पंखांची आणि वितळलेल्या मेणाची गोष्ट सांगा, मुलं जीव लावून ऐकतील.

माहितीने आस्वाद बिघडतो, असं मानणारेही भेटतात. मला ते पटत नाही. पिकासोचं ‘गेर्निका’ पाहताना जरा मोठी मुलं विचारतातच, “यात रंग का नाहीत?” आधी त्यांना तर्क करू द्या. मग सांगा, की एप्रिल १९३७ मध्ये या नावाच्या स्पॅनिश गावावर बॉम्बहल्ला झाला आणि त्याच वर्षी हे चित्र काढलं गेलं. प्रश्न पडल्यावर मिळालेली माहिती मुलांच्या लक्षात राहते.

‘अगदी बरोबर!’ आणि ‘सगळंच बरोबर’

एका उत्तराला ‘शाब्बास, अगदी बरोबर!’ म्हटलं की बाकीचे हात खाली जातात. उत्तर सापडलं, आता कशाला बोलायचं? त्यापेक्षा मुलाचं म्हणणं आपल्या शब्दांत पुन्हा मांडा आणि चित्रातल्या त्या जागी बोट ठेवा: “म्हणजे या वाकड्या रेषांमुळे तुला वादळ जाणवतंय.” आपलं ऐकलं गेलं हे मुलाला कळतं आणि बाकीच्यांसाठी वाट मोकळी राहते.

याच्या उलट टोकाला ‘कलेत काहीही चालतं’ ही समजूत आहे. ती मला जास्त घातक वाटते, कारण काहीही म्हटलं तरी चालत असेल तर निरखून बघायचं कशासाठी? उत्तरं अनेक असू शकतात, पण प्रत्येकाला चित्रातला आधार हवा. लाटेवरच्या ठिपक्यांना कोणी बर्फ म्हटलं तर खोडू नका, आणि हो म्हणून सोडूनही देऊ नका. “बाकीच्यांना काय वाटतं? नीट बघा,” एवढं पुरे. मुलं एकमेकांची उत्तरं बारकाईने तपासतात.

आकार आणि रंग

होकुसाईची लाट सुमारे २५ × ३७ सेंमीच्या कागदावर छापलेलं चित्र आहे, तर ‘गेर्निका’ जवळपास साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. खडूने मैदानावर खरा आकार आखा आणि मुलांना त्याच्यासमोर उभं करा. वर्गात एखाद्या मुलाला काही रंग वेगळे ओळखू येत नसतील हेही ध्यानात असू द्या. सगळी चर्चा रंगांवर नेऊ नका. आणि एका तासाला एकच चित्र, फार तर दोन.

‘आता हेच चित्र काढा’

आस्वादानंतर हुबेहूब नक्कल करायला लावली की ज्यांना चित्रकला जमत नाही ती मुलं पुढच्या वेळी बघण्यातूनही अंग काढून घेतात. प्रतिसादाचे मार्ग कितीतरी आहेत. चित्रातल्या माणसासारखं उभं राहून त्याच्या मनात काय चाललंय ते बोलणं, त्या दृश्यातले आवाज काढणं, पुढच्या क्षणाचं चित्र काढणं, होडीतल्या माणसाने घरी लिहिलेलं पत्र.

तास मध्येच अडला तर

“हे तर मीही काढेन!” अमूर्त चित्रापुढे हे हमखास ऐकू येतं. साधारण मधल्या वयात मुलं चित्र किती खरं दिसतं यावरून त्याची पारख करतात, त्यामुळे रागावू नका. कागद द्या, काढू द्या, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून काय वेगळं झालं ते शोधायला सांगा.

नग्न आकृतीवर वर्ग हसला तर दटावून चित्र गुंडाळू नका. हसू ओसरू द्या आणि आकृतीची ठेवण, तिच्यावर पडलेला प्रकाश, तिची नजर यांविषयी सरळ स्वरात विचारा. ती तयारी नसेल तर ते चित्र आज निवडू नये.

एकच मूल सतत बोलत असेल तर आधी जोडीने बोलायला लावा, मग प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं म्हणणं सांगायचं.

मुलांनी स्वतः काढलेली चित्रं भिंतीवर लागतात तेव्हाही हेच तीन प्रश्न विचारा. चित्र ज्याचं आहे त्याने आधी गप्प राहून ऐकायचं, आपल्याला काय म्हणायचं होतं ते त्यानंतरच सांगायचं.