कोविड वॉर्डात एकमेकींना सांभाळताना
नवख्या सिस्टरला एकटीला ड्युटी लावू नका, अनुभवी सिस्टरबरोबर जोडी लावा. पीपीई किट उतरवताना दोघींनी एकमेकींकडे नीट पाहावं: हात थरथरतोय का, क्रम चुकतोय का? थकवा बरेचदा तिथेच उघडा पडतो.

पेशंट दगावला तर त्या सिस्टरला पाणी, बसायला जागा आणि 10 मिनिटं द्या. सगळ्यांना गोळा करून 'काय घडलं ते सांगा' असा आग्रह मात्र नको. बळेच उकरल्याने त्रास वाढू शकतो. आपणहून बोलली तर ऐका.

नाईटला पहाटेचा चहा टाळा, नाहीतर घरी डोळा लागत नाही.

दोन आठवडे झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर लगेच, आणि तिला एकटं सोडू नका.