बाळंतपणानंतर केस गळताहेत?
बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं घरातल्या मोठ्या बायका म्हणतात. वेळ बरोबरच आहे: बाळंतपणानंतर साधारण ३ महिने. गरोदरपणात संप्रेरकांमुळे टिकून राहिलेले केस आता एकदम सुटतात. न्हाणीघराच्या जाळीवर पुंजका दिसला तरी घाबरू नका. बहुतेकींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात. तेल चोळून ही गळती थांबत नाही. अंबाडा मात्र सैल बांधा. सोबत थकवा, धाप असेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या. भांग रुंदावत चालला असेल किंवा वर्ष उलटूनही गळती थांबली नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अंगावर पाजत असाल तर मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध स्वतःच्या मनाने लावू नका.