मेलबर्नला जाताना बॅग कशी भराल

मेलबर्नचं तिकीट निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, "तिकडे तेव्हा कोणता ऋतू?" उत्तर सोपं आहे, आपल्या उलट. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. जानेवारीत दुपारचं तापमान सरासरी २६-२७ अंश, जुलैत १४ आणि रात्री ६-७. पण या आकड्यांवर विसंबून बॅग भरली तर पहिल्याच आठवड्यात पंचाईत होते. जानेवारीतला एखादा दिवस ४० अंशांवर जातो आणि त्याच आठवड्यातला दुसरा १९ च्या पुढे सरकत नाही. म्हणून इथली तयारी ऋतू पाहून करू नका, एका दिवसाचा विचार करून करा. सकाळी आठला घर सोडलं आणि रात्री नऊला परतलो, तर मधल्या तेरा तासांत अंगावर काय काय लागेल, एवढंच स्वतःला विचारा.

हे असं का होतं ते कळलं की अर्धी यादी आपोआप तयार होते. शहराच्या उत्तरेला शेकडो किलोमीटर कोरडी, तापणारी जमीन आहे. दक्षिणेला पोर्ट फिलिपचा उपसागर, त्याच्या पलीकडे बासची सामुद्रधुनी आणि मग थंड दक्षिण महासागर. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ लागते. मग पश्चिमेकडून थंड हवेची आघाडी येते, वारा नैर्ऋत्येकडून वाहायला लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासात पारा दहा-पंधरा अंशांनी खाली येतो. तिथले लोक याला 'कूल चेंज' म्हणतात आणि उकाड्याच्या दिवशी त्याची वाट बघत बसतात. ७ फेब्रुवारी २००९ ला शहरात ४६.४ अंशांची नोंद झाली, तो तिथला उच्चांक. व्हिक्टोरिया राज्यात भीषण वणवे पेटले तो हाच दिवस, आणि त्याही संध्याकाळी वारा असाच फिरला होता.

तेव्हा यादीतली पहिली वस्तू बॅगेत नाही, फोनमध्ये भरायची: ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचं, म्हणजे ब्यूरो ऑफ मीटिअरॉलॉजीचं अ‍ॅप. तिथे सगळे त्याला 'बॉम' म्हणतात. निघण्याच्या पंधरा दिवस आधी ते उघडून काही हाती लागत नाही, तीन-चार दिवस आधी बघा. नुसता कमाल तापमानाचा आकडा वाचू नका, खालचा मजकूर वाचा. 'कमाल ३४' लिहिलेलं असतं, पण ते ३४ दुपारी एकचं असतं आणि चार वाजता २० झालेले असतात. आकडा खोटा नसतो, अर्धवट असतो. वारा सकाळी उत्तरेचा आणि दुपारनंतर नैर्ऋत्येचा असं दिसलं, किंवा 'चेंज' हा शब्द दिसला, की स्वेटर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, बाहेर कितीही उकडत असलं तरी. पावसासाठी रडार बघायची सवय लावा. सर कोणत्या उपनगरावर आहे आणि आपल्याकडे यायला किती वेळ आहे, हे नकाशावर डोळ्यांनी दिसतं.

आता कपडे. एक जाड कोट घेऊन निभावून नेऊ हा विचार सोडून द्या. या हवेत जाड कोट म्हणजे एक तर घामाघूम, नाहीतर दिवसभर हातावर ओझं. पातळ थर हवेत. तळाला चार-पाच साधे अर्ध्या बाह्यांचे सुती टी-शर्ट किंवा कुर्ते, उकाड्यात हेच बाहेर दिसतील. त्याबरोबर दोन पातळ, पूर्ण बाह्यांचे, मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती कपडा ओला झाला की अंगाला चिकटतो आणि वारा लागला की हुडहुडी भरवतो. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते. त्यावर एक फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कापडाचा, हलका, उबदार कोट) किंवा स्वेटर, आणि तो पुढून चेनचा किंवा बटणांचाच असावा. गच्च भरलेल्या ट्राममध्ये डोक्यावरून स्वेटर काढताना शेजारच्याच्या चष्म्याला कोपर लागतं. शिवाय चेन अर्धी उघडून ठेवली की दहापैकी सात वेळा तेवढ्याने भागतं.

सगळ्यात वर टोपीवाला, पाणी आत न जाऊ देणारा विंडचीटर. सगळ्या यादीत एकाच वस्तूवर पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करा. घेताना उन्हाळी शर्टावर घालून बघू नका. घरी टी-शर्ट, पूर्ण बाह्यांचा, फ्लीस आणि वर विंडचीटर असं सगळं एकदम चढवा आणि दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली, काखेत ताणलं किंवा मनगट बाहेर आलं तर एक माप मोठा हवा. डोक्यावरची टोपी दोरीने आवळता येते का तेही बघा. न आवळणारी टोपी वाऱ्यात पाठीवरच राहते. पिसं भरलेलं फुगीर जॅकेट जून ते ऑगस्टमध्ये उपयोगी पडतं, पण भिजलं की ते चोळामोळा होऊन बसतं आणि ऊब जाते, म्हणून त्याच्यावरही विंडचीटर लागतोच.

जीन्स एकच पुरे, भिजली की वाळता वाळत नाही. बाकी पातळ, पटकन वाळणाऱ्या पँट घ्या. हिवाळ्यात जाणार असाल तर थर्मलच्या दोन जोड्या, कानटोपी, मफलर आणि हातमोजे. शहरात बर्फ बहुधा पडत नाही, पण वारा कानात शिरतो.

साडी नेसणाऱ्यांचा विचार अशा याद्यांमध्ये कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. लेकीकडे किंवा मुलाकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आयांना रोज पँट घाला म्हणून आग्रह करण्यात अर्थ नाही. परकराच्या आत थर्मलची लेगिंग, पायांत लोकरीचे मोजे आणि बंद बूट, ब्लाउज लांब बाह्यांचा किंवा त्यावर कार्डिगन, एवढ्यात साडी हिवाळ्यातही चालते. साडी मात्र सुती किंवा जाडसर सिल्कची असावी, शिफॉन-जॉर्जेट वाऱ्यात आवरत नाही. सेफ्टी पिनांची जुडी घ्या, कारण पदर खांद्यावर नुसता टाकून रस्त्यावर चालणं तिथे शक्य नाही.

पावसाबद्दल आपली कल्पना मुंबई-कोकणावर बेतलेली असते, ती बाजूला ठेवा. मेलबर्नमध्ये वर्षभरात साधारण ६५० मिलिमीटर पाऊस पडतो. सिडनीत याच्या दुपटीच्या जवळपास, आणि मुंबईत एकट्या जुलैतच याहून जास्त. गमबूट, घोट्यापर्यंतचे रेनकोट काही लागत नाहीत. तिथला पाऊस दहा मिनिटं येतो, तिरका येतो, जातो, ऊन पडतं आणि पुन्हा येतो. छोटी घडीची छत्री न्या हवी तर, पण ती वाऱ्यात उलटणार हे गृहीत धरून न्या. भरवसा विंडचीटरवरच ठेवा. शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, त्यामुळे सर आली की समोर दिसेल त्या ट्राममध्ये चढणं हाही एक उपाय आहे. तोही नको असेल तर स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या स्टेट लायब्ररीत शिरा. प्रवेश मोफत आहे, आणि घुमटाखालचं वाचनालय पाऊस नसतानाही बघण्यासारखं आहे.

बूट दोन जोड, दोन्ही वापरून रुळलेले. एक भिजला तर दुसरा. भिजलेल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत बराच कोरडा होतो. कापडी, जाळीचे बूट उन्हाळ्यात छान वाटतात, पण एका सरीत मोजे ओले करतात. मोजे मोजून घेतले असतील त्याच्यापेक्षा तीन जोड जास्त टाका.

उन्हाच्या बाबतीत आपण गाफील राहतो. "आपण सावळी माणसं, आपल्याला कसलं ऊन लागतंय!" हे वाक्य विमानतळावरच सोडून या. तिथे अतिनील किरणांचा निर्देशांक उन्हाळ्यात दहाच्या वर जातो आणि त्याचा तापमानाशी संबंध नाही. २० अंशांच्या गार, ढगाळ दुपारीही चेहरा पोळतो. निर्देशांक तीन किंवा वर असेल तेव्हा उन्हापासून जपा असं तिथलं आरोग्य खातं सांगतं, आणि मेलबर्नमध्ये साधारण ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंत दिवसाचा काही भाग तरी तसा असतो. रुंद कडेची टोपी घ्या, हनुवटीखाली दोरी असलेली. गॉगल, ओठांना लावायचं बाम आणि सनस्क्रीन हवंच. मोठी बाटली तिथेच घ्या, दर दोन तासांनी लावायचं म्हटलं की इथून नेलेली पुरत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जाणार असाल तर औषधांकडे जास्त लक्ष द्या. हा गवताच्या परागकणांचा हंगाम. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं. वादळातल्या दमट हवेने रायगवताचे परागकण फुटले, त्यांचे बारीक कण वाऱ्याबरोबर खाली आले आणि लोकांच्या फुप्फुसांत खोलवर गेले. हजारो लोक धाप लागून रुग्णालयांत पोचले, दहा जण दगावले. त्यात आधी कधीच दमा नसलेले, फक्त शिंकांचा आणि नाक गळण्याचा त्रास असलेले लोकही होते. म्हणून तुम्हाला दमा असेल, किंवा मोसम बदलला की सटासट शिंका येत असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. इनहेलर मोठ्या बॅगेत ठेवू नका, रोज खांद्याला असते त्या पिशवीत ठेवा. फोनवर 'विकइमर्जन्सी' हे अ‍ॅप घ्या, त्यावर अशा वादळाचा इशारा येतो. इशारा आला की घरात बसा आणि खिडक्या लावून घ्या.

बाकी औषधं तीन महिन्यांपर्यंतची स्वतःसाठी नेता येतात. मूळ पाकिटात ठेवा आणि सोबत इंग्रजीतली डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. डबीत एकत्र केलेल्या सुट्या गोळ्या नेऊ नका.

खरं सांगायचं तर मोठ्या बॅगेपेक्षा रोजची सॅक महत्त्वाची. पंधरा-वीस लिटरची पुरते. तळाला प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा टी-शर्ट आणि मोज्यांचा जोड, त्यावर गुंडाळलेला फ्लीस, सगळ्यात वर विंडचीटर, म्हणजे पाऊस आला की सगळं सामान बाहेर काढायला लागत नाही. पाण्याची बाटली, टोपी, सनस्क्रीन बाजूच्या खिशांत. आणखी एक रिकामी प्लास्टिकची पिशवी ठेवा, ओला कपडा कोरड्याला लागू नये म्हणून. लहान मुलं असतील तर त्यांचा एक पूर्ण कपड्यांचा जोड वेगळा.

शहराबाहेर जाणार असाल तेव्हा एक थर वाढवा. फिलिप बेटावर पेंग्विन बघायला जाणारे हमखास गारठतात. दिवसा चटका देणारं ऊन असतं, म्हणून सगळे अर्ध्या चड्डीत निघतात. पण पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात ते सूर्यास्तानंतर, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळायलाच पावणेनऊ होतात. उघड्या किनाऱ्यावर, अंटार्क्टिकाकडून येणाऱ्या वाऱ्यात तासभर बसायचं असतं. कानटोपी आणि पांघरायला शाल घेऊन जा. कॅमेऱ्याची पिशवी मात्र गाडीतच ठेवा, पेंग्विनचे फोटो काढायला तिथे बंदी आहे. ग्रेट ओशन रोडवर, म्हणजे समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर, वाऱ्याचं तेच. २६ डिसेंबरचा कसोटी सामना बघायला एमसीजीवर जाणार असाल तर उलट, टोपी आणि सनस्क्रीन आधी, स्वेटर नंतर, पण स्वेटर हवाच.

खाण्याच्या वस्तूंचं थोडक्यात. ताजी फळं, भाजी, ताजा कढीपत्ता, पेरायचं बी नेऊच नका. पेढे, बर्फी अशी दुधाची मिठाई जप्त होण्याची शक्यताच जास्त. जे काही न्याल ते विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड जबर बसतो. बुटांनाही हा नियम आहे. तळव्याला शेतातली माती असेल तर आधी घासूनपुसून धुवा.

प्लगच्या पट्ट्या तिथे चपट्या आणि तिरप्या असतात, अडॅप्टर लागेल. व्होल्टेज आपल्याइतकंच. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

हातातल्या बॅगेतच फ्लीस आणि विंडचीटर ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. विमानतळ टुलामरीनच्या मोकळ्या माळावर आहे, आणि पहाटे बाहेर पडल्यावर गाडीची वाट बघत उभं राहायचं असतं, तेव्हा बॅग उघडायला जागा नसते. एक पेनही घ्या. विमानात फॉर्म वाटतात आणि अख्ख्या रांगेत पेन एकाकडेच असतं.