इलेक्ट्रिक धूपदाणीचा चिकटा: काढावा कसा, साठू देऊ नये कसा

महालक्ष्म्यांचे तीन दिवस, पुढे नवरात्राचे नऊ. एवढ्यात इलेक्ट्रिक धूपदाणीच्या वाटीत काळा, चकचकीत थर बसतो. धूर कमी आणि जळका वास जास्त यायला लागतो. मग कोणीतरी तीच धूपदाणी नळाखाली धरतं. बिघाड सुरू होतो तो तिथून. ही यंत्रं वापरून जितकी बिघडतात, त्याहून जास्त चुकीच्या धुण्याने बिघडतात.

आधी चिकटा म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण निम्मं काम तिथेच होतं. गुग्गुळ हा झाडाचा चीक. त्यात दोन पदार्थ एकत्र असतात: राळेचा भाग आणि डिंकाचा भाग. राळ पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. डिंकाचं नेमकं उलटं, त्याला पाणी लागतं. म्हणून नुसत्या साबणाच्या पाण्याने वाटी घासली की हाताला चिकट लागतं आणि नुसत्या स्पिरिटने पुसली की पांढुरका पापुद्रा राहतो. दोन्ही करावं लागतं, आणि आधी अल्कोहोल, मग पाणी. लोबानात बहुतेक राळच असते, त्याला एकटं अल्कोहोल पुरतं. कापूर निराळा. तो वितळण्याआधीच हळूहळू हवेत उडतो, साधारण १७५ अंशांना वितळतो आणि २०४ च्या आसपास उकळतो. शुद्ध कापूर वाटीत काही ठेवत नाही. वाटीत तेलकट किंवा काळं काही उरलं, तर वडीत कापराशिवाय आणखी काही होतं असं समजा. कापराचा खरा थर वाटीत नाही, तर झाकणाच्या आतल्या बाजूला, जाळीच्या भोकांत पांढऱ्या बुरशीसारखा बसतो. तिथे कोणी बघत नाही, आणि तो पेट घेणारा असतो.

बाजारात तीन तऱ्हेच्या दाण्या दिसतात. पहिली, भिंतीच्या सॉकेटला थेट लागणारी छोटी कापूरदाणी. हिच्यात बहुधा पीटीसी हीटर असतो. तापला की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो आणि तो स्वतःच आवरतो, म्हणून वेगळा थर्मोस्टॅट नसतो. दुसरी, टेबलावर ठेवायची आणि बटण फिरवून उष्णता कमी-जास्त करायची. हिच्यात इस्त्रीसारखी अभ्रकाच्या पत्र्यांत गुंडाळलेली नायक्रोमची तार असते. तिसरी चार्जिंगची. सफाईच्या दृष्टीने त्यांत एकच फरक महत्त्वाचा: वाटी निघते की नाही. नवीन घेणार असाल तर निघणाऱ्या वाटीचीच घ्या. नक्षी, दिवे, रंग हे सगळं नंतर बघा.

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे, पण वेळ साधावी लागते. बटण बंद करून प्लग काढा आणि दहा-बारा मिनिटं थांबा. वाटी कोमट असताना राळ मऊ असते; कोरडं सुती फडकं किंवा टिश्यू एकदा फिरवला की निघून येते. गार झाली की तीच काचेसारखी कडक होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तापून काळी पडते. चार वेळा असं झालं की तो कोळसा झाला. कोळसा अल्कोहोलमध्येही विरघळत नाही. रोज पुसणाऱ्यांना पुढची निम्मी माहिती लागणारही नाही.

आठ-दहा वापरांनंतर नीट सफाई करायची. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला नुसतं आयपीए म्हणतात. नागपुरात सीताबर्डीत मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. ७० टक्क्यांचंही चालतं, पण त्यात पाणी असल्याने राळ सावकाश सुटते आणि वाळायला वेळ लागतो. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिटही चालेल. हँड सॅनिटायझरचं जेल मात्र नको: त्याला घट्ट करणारे पदार्थ आणि ग्लिसरीन वाटीत राहतात आणि पुढच्या वेळी तेच जळतं.

एक गोष्ट आधी, कारण सफाई बहुतेक देवघराजवळच होते. आयपीए १२ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. नागपुरात दिवसा तेवढं तापमान बाराही महिने असतं, मे महिन्यात तर विचारूच नका. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि चार पावलांवर तेवत असलेल्या निरांजनापर्यंत पोचू शकते. त्यामुळे हे काम देवघरात नाही, गॅसजवळ नाही. गच्चीवर किंवा मागच्या अंगणात करायचं.

निघणारी वाटी असेल तर असं करा:

१. वाटी पूर्ण गार होऊ द्या. तापलेली सिरॅमिकची वाटी गार द्रवात टाकली की तडकते. तडा डोळ्याला दिसला नाही तरी चिकटा नंतर त्यातून झिरपत राहतो.

२. सुटा राहिलेला थर आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडा. सुरी, स्क्रू ड्रायव्हर नको.

३. झाकणाच्या काचेच्या बरणीत वाटी ठेवून ती बुडेल इतकं आयपीए घाला. लहान वाटीला ५० ते ६० मिली पुरतं. त्यात चमचाभर खडे मीठ टाका. मीठ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ते घासणीचं काम करतं.

४. वीस-तीस मिनिटं राहू द्या, मधून मधून बरणी हलवा. द्रव चहासारखा तांबूस झाला म्हणजे राळ सुटतेय.

५. वाटी काढून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पंधरा मिनिटं ठेवा. डिंक इथे निघतो. मऊ स्पंजने पुसा.

६. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खंगाळणं आरओ फिल्टरच्या पाण्याने करा. जड पाण्याचे पांढरे डाग तापल्यावर पक्के बसतात. बसलेच असतील तर व्हिनेगरचा बोळा पाच मिनिटं ठेवून पुसा.

७. तासभर तरी मोकळ्या हवेत वाळवा. अल्कोहोलचा वास पूर्ण गेल्यावरच वाटी यंत्रात बसवा आणि खिडकी उघडून तीन-चार मिनिटं रिकामी तापवा.

वाटी बिनचकाकीची, मातीची असेल तर भिजवायचीच नाही. माती पाणी पिते, आणि ओली वाटी तापवली की आतल्या वाफेने फुटते. ती कोरडीच खरवडायची, वरून आयपीएचा बोळा फिरवायचा. चुकून भिजलीच तर एप्रिलच्या उन्हात दिवसभर पुरतो, पण श्रावणात दोन-तीन दिवस तिला हात लावू नका.

कोळसा झालेल्या थरासाठी सिरॅमिकवर खायचा सोडा चालतो: दोन चमचे सोडा, एक चमचा पाणी, लेप लावून अर्धा तास, मग स्पंज. ॲल्युमिनिअमच्या वाटीवर सोडा नको, ती काळवंडते. पितळी दाणीला बाहेरून लिंबू-मीठ किंवा चिंच लावता येते, पण नंतर नीट धुऊन कोरडं करा. मिठाचा अंश राहिला की हिरवा कळकट थर चढतो. तारेची घासणी कुठेच नको. तिने चकाकीवर ओरखडे पडतात आणि त्यांतच पुढचा चिकटा घट्ट धरतो. तिचे तुटलेले बारीक तंतू हीटरच्या टोकांशी गेले तर शॉर्टसर्किट होतं, ते वेगळंच.

न निघणारी वाटी हा खरा डोकेदुखीचा प्रकार. तिच्यात द्रव ओतायचा नाही, थेंबभरसुद्धा नाही. फडकं ओलं करायचं, यंत्र नाही. प्लग काढलेली धूपदाणी उलटी धरा आणि खालून वर पुसा, म्हणजे ओघळ हीटरकडे न जाता तुमच्या फडक्यात येईल. कडेच्या फटीला कान साफ करायची कापसाची काडी, आयपीएमध्ये बुडवून आणि पिळून. ही फट म्हणजे या यंत्राची दुखरी नस आहे. वितळलेली राळ तिच्यातून अभ्रकावर उतरली की धूर वरून न येता बुडाखालून येतो. तसं दिसलं तर ताबडतोब बंद करा; आता वरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही, खोलावंच लागेल.

खोलायचे स्क्रू बहुधा रबरी पायांखाली लपलेले असतात. वॉरंटी चालू असेल तर त्यांना हात लावू नका. आत गेलात तर चार गोष्टी बघा. अभ्रकाला चीर आहे का, तारेवरची पांढरी उष्णतारोधक नळी जळून ठिसूळ झाली आहे का, टोकांचे स्क्रू ढिले आहेत का, आणि सॉकेटकडून येणारी वायर आत शिरते तिथे कडक पडली आहे का. धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकलं की थुंकी जाते. हीटरच्या टोकाला डाग देऊन जोडू नका. साधा कथलाचा डाग १८३ ते १९० अंशांत वितळतो आणि इथलं तापमान त्याच्या वर जातं. स्क्रू किंवा दाबून बसवलेला लगच (वायरच्या टोकाची धातूची कडी) हवा. थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडाला असेल तर त्याच अंशांचा नवा टाका. वायरने सरळ जोडून घेणं म्हणजे घर पेटवायची सोय.

मल्टिमीटर असेल तर हीटर जिवंत आहे का ते मिनिटात कळतं. रोध किती यायला हवा ते काढायला व्होल्टच्या वर्गाला वॅटने भागा: २३० व्होल्ट, ५० वॅट असेल तर साधारण १०५८ ओहम, १०० वॅटला ५२९. नायक्रोमचा आकडा गार असताना किंचित कमी येतो. पीटीसीला हे गणित लागू नाही. दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची: प्लगची लाइन किंवा न्यूट्रलची पिन (अर्थची जाड पिन नव्हे) आणि धातूचं अंग यांच्यात काहीही रीडिंग येता कामा नये. आलं तर आत ओल तरी आहे किंवा तार अंगाला टेकली आहे. धातूचं अंग आणि दोनच पिनांचा प्लग, ही जोडी असली तर ओल्या हाताने तिला शिवूच नका. झटका बसेपर्यंत वाट बघायची गरज नाही.

चार्जिंगच्या धूपदाणीची काळजी निराळी. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात दुपारी आपल्याकडे गच्चीखालच्या खोलीतही पारा तिथवर येतो. रात्री किंवा पहाटे चार्ज करा, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. काही महिने वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा, पूर्ण भरलेली नाही. चार्जिंगच्या भोकात कोरडा ब्रश, द्रव नाही.

आता साठूच नये म्हणून. गुग्गुळाचे गव्हाएवढे तीन-चार खडे पुरतात. मूठभर टाकले की वरचे तापत नाहीत आणि खालचे जळतात. तूप, मध, गूळ घातलेला धूप निखाऱ्यावर शोभतो, इथे नको: साखर फेसाळून करपते आणि तुपाचा पिवळा वार्निशसारखा थर बसतो, जो अल्कोहोललाही दाद देत नाही. दुकानात ‘राळ’ म्हणून मिळते तीही टाळा. तिचा डाग बहुधा टर्पेंटाइननेच सुटतो, आणि टर्पेंटाइनचा वास जाईस्तोवर यंत्र लावता येत नाही. धूपकांडीत लाकडाचा भुसा असतो, तो राख होणारच. इतवारीच्या किराणा ओळीतून घेताना साफ, सुटे, अर्धपारदर्शक खडे बघून घ्या, त्यांना भुकटीपेक्षा कचरा कमी. डांबरगोळी कापरासारखी दिसते; ती चुकूनही वाटीत नको. कापूर ठेवलाय म्हणून काडी ओढून पेटवणारेही आहेत. इलेक्ट्रिक दाणीत कापूर उडू द्यायचा असतो, पेटवायचा नसतो. वड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, पोटात गेला तर कापूर विषारी आहे.

वाटीत ॲल्युमिनिअम फॉइलची छोटी द्रोणी करून बसवली तर निम्मी सफाई वाचते. दोन-तीन वापरांनी ती बदला, आणि तिची कड वाटीबाहेर लोंबू देऊ नका.

जागेचंही बघा. कूलरच्या झोतात धूपदाणी ठेवली की वाटी गार राहते, थर्मोस्टॅट हीटर जास्त वेळ चालू ठेवतो, आणि कूलरची ओल फटीतून आत जाते ती जातेच. पडदा, कागदी आरास, हार यांपासून हातभर लांब. आणि लाइन गेली की प्लग काढायची सवय लावा. बटण चालूच राहतं, घरचे बाहेर पडतात, तासाभराने लाइन येते आणि रिकाम्या घरात वाटी तापत राहते.

वापरलेलं आयपीए फेकू नका. बरणीत दोन दिवस स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं निवळ पुढच्या सफाईच्या पहिल्या हाताला चालतं. बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, झाकण घट्ट लावा, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवू नका. भिजलेले बोळे कचऱ्याच्या डब्यात तसेच टाकण्याआधी गच्चीवर पसरून पूर्ण वाळवा.