देंब्नोच्या लाकडी चर्चचं वय लाकडावरून कसं ओळखायचं

दक्षिण पोलंडच्या पोधाले भागातलं देंब्नो हे लहानसं गाव. तिथलं संत मायकलचं कॅथलिक चर्च 2003 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ते कुठल्या साली बांधलं, असं विचारलं तर एका सालात उत्तर देता येत नाही. प्रत्येक भागाचं वय वेगळं काढावं लागतं.

आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. मुख्य इमारत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. लार्च या सूचीपर्णी झाडाचे ओंडके आडवे रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत. घंटेचा मनोरा मात्र उभे खांब आणि तिरके टेकू यांवर उभा आहे. जोडणीची पद्धत बदलली, की बांधकामाचा काळही बदलला असण्याची शक्यता असते, आणि हा मनोरा खरंच 1601 चा आहे. भिंतींना लागून असलेली उतरत्या छपराची पडवीही मागाहून आली. पोलिश भाषेत तिला ‘सोबोती’, म्हणजे शनिवार, म्हणतात. रविवारच्या मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी, लांबून आलेले लोक आदल्या रात्री तिथे टेकायचे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

छपरावरच्या लाकडी पट्ट्यांवरून वय ठरवू नका. पावसा-बर्फाने त्या कुजतात आणि वेळोवेळी बदलाव्या लागतात.

आत गेल्यावर घाई करू नका. भिंती आणि छताच्या फळ्यांवर साधारण 1500 च्या सुमाराची रंगवलेली नक्षी आहे. ती साचे ठेवून उमटवलेली असून तिच्यात सत्तरहून जास्त नमुने आहेत. दोन फळ्यांच्या सांध्यावर नजर ठेवा. नमुना सांध्यावरून सलग गेला असेल, तर फळ्या बसवल्यावर रंगकाम झालं. तो मध्येच तुटला असेल, तर फळी कापली किंवा हलवली असावी. वेदीसमोरच्या तुळईवरचा क्रूस 1380 च्या सुमाराचा, म्हणजे इमारतीहून जुना. आतली वस्तू जुनी म्हणून भिंतीही तितक्याच जुन्या, असं समजायचं नाही.

नेमकं साल हवं असेल तर खोडात दर वर्षी वाढणाऱ्या वर्तुळांची रुंदी मोजून ती साल माहीत असलेल्या लाकडांच्या वर्तुळांशी ताडून पाहावी लागते. तज्ज्ञ परवानगी घेऊन बारीक नळीने नमुना काढतात. त्यात निदान पन्नासेक वर्तुळं लागतात. सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शाबूत असेल, तर झाड तोडल्याचं वर्ष कळतं. कुऱ्हाडीने तासताना ते गेलं असेल, तर फक्त ‘अमुक सालानंतर’ एवढंच म्हणता येतं. ओंडक्यावर विनाकारण रिकाम्या खाचा किंवा खुंट्यांची भोकं दिसली, तर तो आधीच्या एखाद्या बांधकामातला असू शकतो. त्याचं साल चर्चला लावू नका.