प्रोग्राम अडकलाय? रिस्टार्टआधी जीडीबी लावा

हापूसच्या सीझनमध्ये देवगडच्या पॅकिंग शेडमध्ये उसंत नसते. पेटी काट्यावर ठेवली की वजन सिरीयल केबलमधून एका छोट्या लिनक्स पीसीवर येतं. आमचा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम ते नोंदवतो आणि लेबल छापतो. तो मधेच गप्प झाला की शेडमधून फोन येतो, "ताय, काटो चलता, पण लेबल येणा नाय. बंद करून परत चालू करू काय?"

मी सांगते, दोन मिनिटं थांबा. रिस्टार्ट केल्यावर लेबलं सुरू होतील हे खरंच, पण प्रोग्राम नेमका कुठे अडकला होता याचा पुरावा त्याच्या मेमरीतच असतो आणि तो रिस्टार्टबरोबर पुसला जातो. मग वाशीच्या मार्केटची गाडी दारात उभी असताना तोच फोन पुन्हा येतो. त्या दोन मिनिटांत जीडीबी, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून त्याच्या आत डोकावू देणारा डीबगर, कसा लावायचा ते इथे लिहितेय. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा.

आधी पीग्रेप आणि पुढे प्रोग्रामचं नाव देऊन पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा (प्रोसेसचा) नंबर, काढा. समजा तो २१४७ आला. टॉप या कमांडमध्ये त्याचा सीपीयू बघून घ्या. एक कोअर पूर्ण खात असेल तर बहुधा लूपमध्ये फिरतोय, शून्यावर असेल तर कशाची तरी वाट बघतोय. स्टेटच्या रकान्यात डी दिसत असेल तर तो कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात), डिस्कवर किंवा ड्रायव्हरपाशी अडकलाय. अशा प्रोसेसला जीडीबी लावायला गेलात तर जीडीबीही तिथेच ताटकळतो, तेव्हा आधी डीमेसेज (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) चालवून कर्नलचे संदेश बघा.

एरवी कमांड साधी आहे: सुडो जीडीबी -पी २१४७. सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारांनी चालवणं. सुडो न लावता 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर ते बहुधा यामा नावाच्या सुरक्षा मॉड्यूलमुळे. उबुंटूमध्ये १०.१० पासून पीट्रेस स्कोप (यामाची सेटिंग) १ वर असतो, म्हणजे साध्या युजरला स्वतःच सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसलाच डीबगर लावता येतो. बरेच जण वैतागून तो कायमचा ० करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. मग त्या युजरचा कुठलाही प्रोग्राम त्याच्याच दुसऱ्या प्रोग्रामची मेमरी, पासवर्डसकट, वाचू शकतो. १ राहू द्या आणि सुडो वापरा. सुडो लावूनही नकार आला तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या पीआयडीच्या स्टेटस फाइलमधली ट्रेसर पीआयडीची ओळ बघा. एका प्रोसेसला एका वेळी एकच ट्रेसर (जीडीबीसारखा नजर ठेवणारा प्रोग्राम) लागतो, त्यामुळे कुणी एसट्रेस हा दुसरा ट्रेसर लावून विसरलं असेल तर इथे कळतं.

जीडीबी लागला की प्रोसेसचे सगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, जागच्या जागी थांबतात. काटा मात्र वजनं पाठवतच राहतो. आपल्याकडे रेंजचा भरवसा नाही, घरून एसएसएचने जोडलं असेल आणि सेशन मधेच लटकलं, तर प्रोसेस तशीच थांबून राहते. म्हणून मी टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सेशन चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) शिरते आणि एकाच दमात काम उरकते: सुडो जीडीबी -पी २१४७ -बॅच -ईएक्स "थ्रेड अप्लाय ऑल बीटी", आणि आउटपुट थेट फाइलमध्ये. बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याची उतरंड, तिची एकेक पायरी म्हणजे फ्रेम) लिहून झाला की जीडीबी आपणहून सुटतो, मग फाइल निवांत वाचा.

खरी मजा त्या फाइलमध्ये आहे. एका शेडमध्ये थ्रेड २ च्या वरच्या फ्रेमवर लॉक वेट, त्याखाली पीथ्रेड म्युटेक्स लॉक (म्युटेक्स म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) आणि त्याखाली आमचं लेबल छापणारं फंक्शन होतं. थ्रेड ३ मध्येही वरच्या दोन फ्रेम त्याच, फक्त खाली वजन नोंदवणारं फंक्शन. दोघेही कुलपाशी उभे! अशा वेळी जीडीबी पुन्हा, या खेपेला बॅचशिवाय, लावायचा. त्या फ्रेमवर जाऊन म्युटेक्सच्या आतल्या डेटामधलं ओनर फील्ड प्रिंट केलं की लॉक धरून बसलेल्या थ्रेडचा एलडब्ल्यूपी नंबर (कर्नलने त्याला दिलेला) मिळतो. तो इन्फो थ्रेड्सच्या यादीशी जुळवा. आमच्याकडे २ ला हवं ते ३ कडे होतं आणि ३ ला हवं ते २ कडे, यालाच डेडलॉक म्हणतात. दोन्ही लॉक सगळीकडे एकाच क्रमाने घेतले की हा प्रश्न मिटतो. सी प्लस प्लस १७ असेल तर स्कोप्ड लॉकला दोन्ही म्युटेक्स एकदम द्या, डेडलॉक टाळायची काळजी तोच घेतो.

बाहेर पडताना डिटॅच आणि मग क्विट. किल लिहिलंत तर प्रोसेसच मरते.

फाइलमध्ये फंक्शनच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर बिल्डमध्ये सिम्बॉल, म्हणजे फंक्शनच्या नावांची माहिती, नाहीत. कंपायलरला -जी फ्लॅग लावून बिल्ड करा. त्याने प्रोग्राम हळू होत नाही, फाइल तेवढी मोठी होते. शेडवर सिम्बॉल काढलेली प्रत गेली तरी चालेल, पण सिम्बॉलवाली प्रत आपल्याकडे हवीच. मालकांना अजिबात थांबायला वेळ नसेल तर सुडो जीकोर २१४७ चालवून कोअर फाइल, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीची प्रत, घ्या, रिस्टार्ट करू द्या आणि घरी बसून बघा. मात्र त्या कोअरमध्ये बागायतदारांची नावं आणि हिशेब जसेच्या तसे असतात. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका आणि काम झालं की पुसून टाका.