पेटीतल्या सोलापुरी चादरीचे पडदे

सोलापुरातल्या बऱ्याच घरांत पेटीच्या तळाशी आहेरात आलेल्या दोन-तीन कोऱ्या चादरी पडून असतात. आमच्याकडेही होत्या. आणि ज्या बाहेरच्या खोलीत सगळं घर बसतं, तिथे पश्चिमेच्या खिडकीला गडद मरून सिंथेटिक पडदा होता. उन्हाच्या भीतीने तो दिवसभर ओढलेला, त्यामुळे भर दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागायची. भिंती रंगवायचा विचार चालला होता. पण अंधार भिंतींमुळे नव्हता, पडद्यामुळे होता. शेवटी पेटीतलीच एक चादर काढली.

सोलापुरी चादर जकार्ड मागावर, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावर, दुहेरी विणीत विणलेली असते. एका बाजूला जमीन, म्हणजे नक्षीमागचा भाग, गडद आणि नक्षी फिकी असेल, तर उलट्या बाजूला तीच नक्षी गडद आणि जमीन फिकी दिसते. म्हणजे पडद्याला उलटी बाजूच नाही. फिकी जमीन खोलीकडे ठेवली की खोली उजळ दिसते, आणि कापड जाड असल्याने ऊनही अडतं.

पेटीत चादर नसेल तर चाटी गल्लीत किंवा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत घ्या. सुती आहे ना ते विचारा, आणि उजेडात दोन्ही बाजू पाहूनच घ्या.

पहिलं काम धुण्याचं. ते टाळू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न धुता शिवलेला पडदा नंतर आखूड होतो. थंड पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळी धुवा, कारण लाल आणि मरून रंग सुरुवातीला उतरतो. सावलीत वाळवून इस्त्री करा आणि मगच मापाची टेप लावा.

आता माप. आमची खिडकी 4 फूट रुंद, 4 फूट उंच. रॉड 5 फुटांचा घेतला, म्हणजे दोन्ही बाजूंना 6-6 इंच जादा. पडदा सारला की तो भिंतीवर जातो, काच पूर्ण मोकळी होते. खोली उजळण्यात या 6 इंचांचा वाटा मोठा आहे. रॉड चौकटीच्या 4 इंच वर लावा.

चादर साधारण 60 बाय 90 इंचांची असते. आमची धुतल्यावर 58 बाय 87 भरली. ती आडवी धरायची: 87 इंचांची बाजू रुंदीला, 58 ची उंचीला. असं केलं की वर आणि खाली चादरीचा विणलेला काठ येतो. काठ उसवत नाही, त्यामुळे खालची दुमड शिवावीच लागत नाही. मधोमध कापली की साडेत्रेचाळीस इंचांचे दोन पडदे. एका चादरीत खिडकी झाली. चुण्या रॉडच्या दीडपटीहून किंचित कमी पडतात, पण इतक्या जाड कापडाला तेवढ्या पुरतात.

एक अडचण आहे. आडव्या धरलेल्या चादरीवरचे मोर आडवे पडतात. त्यासाठी चौकटीची किंवा फुलांची नक्षी निवडा. मोरच हवे असतील, किंवा खिडकी उंच असेल, तर दोन चादरी घेऊन उभ्या लावा.

शिवण सोपी आहे. कापलेली कड आत अर्धा इंच आणि मग पुन्हा एक इंच दुमडा, टाचण्या लावा, टीप मारा. चादरीच्या दशा कापू नका. त्या खिडकीच्या दोन बाहेरच्या कडांना येतात आणि छान दिसतात. वरच्या बाजूला 3 इंच दुमडून काठालगत टीप मारली की रॉड ओवायची नळी तयार होते. नळीची दोन्ही टोकं मोकळी ठेवा. मशीनला 16 नंबरची सुई आणि मोठी टीप लावा. कापडाचे थर एकावर एक येतात तिथे पायाने जोर न देता हाताने चाक फिरवा, नाहीतर सुई मोडते. मशीन नसेल तर दुहेरी दोऱ्याने हातशिलाई करा. दोन दुपारी जातील, पण पक्की बसते.

नळीची टीप आधी धावदोऱ्याने कच्ची घाला आणि पडदा आठवडाभर टांगून ठेवा. जड कापड स्वतःच्या वजनाने थोडं खाली येतं. तळ दिवाणाच्या पाठीला टेकत नाही ना ते पाहा, मग पक्की टीप मारा. कूलर असलेल्या खिडकीला मात्र हा पडदा लावू नका. ओल धरली की सुती कापडाला कुबट वास येतो.

पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीला चादर नको. तिथे ऊन अडवायची गरज कमी असते. फिका मांजरपाट घ्या, रॉडच्या दुप्पट रुंदीचा, म्हणजे चुण्या भरगच्च पडतात आणि उजेड गाळून आत येतो.

वर्षभरात पश्चिमेच्या पडद्याची बाहेरची बाजू विटेल. दिवाळीच्या साफसफाईत पडदे धुऊन डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ओवा. बाजू पालटतात, दशा तरीही बाहेरच्याच कडांना राहतात, आणि खोलीत त्याच नक्षीचा नवा रंग येतो.